बांधकऱ्याची साक्ष

आमच्या भाऊसाहेबांना हळू बोलता येत नसे. म्हणजे येत असेलही, पण आमच्याच घरातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून मी चार वर्षं संसार केला, मला तरी कधी त्याचा प्रत्यय आला नाही. त्यांचे वडील ठार बहिरे होते म्हणे. घरात मीठ मागायचं तरी वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मागावं लागे. तोच आवाज घेऊन ते तलाठ्याच्या नोकरीत आले आणि नोकरीनं त्यांना आणून टाकलं आमच्या गावात. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या रानातलं आमचं गाव. कचेरी मुरबाडला, स्टेशन आसनगावला, आणि कुठंही जायचं तर दोन पाय तेवढे आपले. असल्या गावात तलाठी म्हणजेच सरकार. आमच्या वाट्याला आलेलं सरकार हे असं, उठता-बसता बोंब मारणारं.

अंगानं मात्र अगदी किडकिडीत. फुंकर मारली तर पडतील, असं वाटायचं. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज निघतो कसा, याचं माझ्या नणंदांना मोठं कोडं. वाटेनं चालताना वहाणा काखोटीला मारायचे आणि गावाची शीव आली की पायात सरकवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वहाणा सरकारी कामासाठी आहेत. वाट तुडवायला देवानं पाय दिलेत." डोक्यावरची टोपी कधीकाळी काळी असावी. लग्न झालेलं होतं, पण बायको-मुलं तिकडे घाटावर. हे इथे एकटे हातानं भात शिजवायचे आणि रोज न चुकता करपवायचे.

त्यांच्याकडे कानगोष्ट घेऊन जायची सोयच नव्हती. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. एक मनुष्य अंगणातून अंग चोरत त्यांच्या खोलीकडे गेला आणि काहीतरी पुटपुटला. लगेच आतून गर्जना: "काय म्हणालास? भावाचा हिस्सा तुझ्या नावावर चढवू? भाऊ कुठाय तुझा?" तो बिचारा "हळू बोला, हळू बोला" करतोय, आणि भाऊ तर आमच्याच अंगणात मामंजींच्या शेजारी विडी ओढत बसलेला! पुढे काय झालं ते सांगायला नको. भाऊसाहेबांचं म्हणणं एकच, "चारचौघांत सांगता येत नाही ते काम माझ्याकडे आणूच नये."

एकदा कुणीतरी पहाटे पहाटे त्यांच्या दाराला एक झुबकेदार शेपटीचा कोंबडा बांधून गेलं. दुसरा एखादा असता तर त्या दिवशी रस्सा झाला असता. यांनी कोंबडा काखेत धरला आणि चावडीच्या खांबाला नेऊन बांधला. दवंडी दिली: "हा कोंबडा ज्याचा असेल त्यानं काय काम होतं ते सांगून घेऊन जावा." आता कोण जाणार? कोंबडा कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक. मालक रोज चावडीवरून जायचा, कोंबड्याकडे बघायचा आणि उसासा टाकून पुढे जायचा. आल्या-गेल्यानं दाणे टाकून टाकून तो कोंबडा असा माजला की तलाठ्यावरचे सर्कलसाहेब तपासणीला आले तर त्यांच्याच पोटरीला चोच मारली त्यानं.

पण त्यांची खरी लढाई चालायची ती माझ्या सासूशी. आत्याबाई म्हणजे तोंडानं फाटक्या. लोणी काढलं की शेजारीपाजारी ताक द्यायचं ही आमच्याकडची रीत. पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी तांब्याभर ताक त्यांच्याकडे धाडलं. तांब्या परत आला, त्यात एक पैसा. झालं! आत्याबाई पदर खोचून अंगणात उभ्या. "आमच्यात ताक विकत नायत! ताक विकणारीच्या घरात गाय ऱ्हात नाय, म्हायती हाय का तुमाला?" आतून उत्तर: "घरमालकीणबाई, मी खातेदाराच्या घरचं फुकट घेत नाही!" हिला विकायचं नाही, त्याला फुकट घ्यायचं नाही. त्या दिवसापासून रवीच्या आवाजाला कान लावून तो मनुष्य कोरडा भात गिळत राहिला. दोघंही हट्टाला पेटलेली, मधल्यामधे आमच्या कानांचे पडदे फाटायची वेळ.

माझ्यावरही भाऊसाहेबांनी एकदा असाच प्रसंग आणला. मला दिवस गेले होते. अजून घरात कुणाला बोलले नव्हते. मागच्या दारी दोन-तीनदा उलट्या झाल्या, त्या भिंतीपलीकडून त्यांनी ऐकल्या. दुपारी चावडीवर मामंजी गेले तर भर चावडीत: "अभिनंदन! नातवाची तयारी करा!" मामंजी लाजेनं लाल झाले. आमच्या ह्यांना तर ही बातमी शेतावर, दुसऱ्याच कुणाकडून कळली. मी आठ दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. इतका राग आला होता मला!

त्याच वर्षी ते वादळ झालं. लढाईचे दिवस, आधीच दुकानात काही मिळत नव्हतं. कार्तिकात भात कापून शेतातच वाळत घातलेलं. आमची शेतं काळू नदीच्या काठाला. वादळ आलं, पाऊस कोसळला आणि नदी शेतात शिरली. सकाळी बघतो तर वर्षाची मेहनत पाण्यावर तरंगत चाललेली. मामंजी काठावर उभे होते ते तसेच खाली बसले.

पेरायला बियाणंसुद्धा उरलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "मी मुंबईला जातो. गोदीत माणसं घेतायत." माझे थोरले दीर असेच गोदीत गेले होते. तिकडे तापानं गेले. घरी परत आली ती नुसती बातमी. आत्याबाई उठल्या आणि मागच्या दारी जाऊन उगाच भांडी घासत बसल्या. मला पाचवा महिना. मग बातमी आली की सरकार नुकसानीची मदत देणार आहे, बियाण्याला आणि पोटाला. मामंजींनी लेकाला सांगितलं, "मदत आली त तू जायाचं नाय. नाय आली त मग तुझं तू बघ." म्हणजे माझा नवरा घरी राहणार की नाही, हे आता भाऊसाहेबांच्या पंचनाम्यावर येऊन ठेपलं.

आणि पंचनामा कसा करायचा, तर त्यांच्या डोक्यातून निघालेली तऱ्हाच वेगळी. इतर गावांत तलाठी घरी बसून कुणाचं सोळा आण्यांतलं किती आणे पीक गेलं ते लिहायचे. यांनी सगळं गाव चावडीसमोर गोळा केलं आणि ठणकावून सांगितलं, "आपलं नुकसान आपण सांगायचं नाही. घरच्यानं सांगायचं नाही. मित्रानं सांगायचं नाही. ज्याचा बांध तुमच्या बांधाला लागून आहे आणि ज्याच्याशी तुमचं भांडण आहे, त्यानं तुमचं नुकसान सांगायचं!"

लोक हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "भाऊसायेब, वैरी काय खरं सांगंल?"

"वैरीच खरं सांगेल. मित्र वाढवून सांगतो, घरचा लपवून सांगतो. वैऱ्यानं तुमचं शेत तुमच्यापेक्षा जास्त वेळा न्याहाळलेलं असतं. आणि खोटं बोलला तर लगेच पुढे तुमची पाळी आहेच!"

आमचा बांधकरी गोमाजी. त्याचं आणि मामंजींचं वीतभर बांधावरून माझ्या लग्नाच्या आधीपासून बोलणं बंद. ज्या वाटेनं हा जाईल त्या वाटेनं तो जायचा नाही. आणि आता गोमाजीच्या तोंडावर माझ्या नवऱ्याचं घरी राहणं! मी देवाला नारळ बोलले. आम्ही बायका चावडीच्या बाजूला वडाखाली उभ्या होतो.

आधी मामंजींना उभं केलं. "गोमाजीच्या शेतात काय उरलं?"

मामंजी घटकाभर मिशा चावत राहिले. मग एकदम भडकून म्हणाले, "काय उरायचंय? कायच नाय! सगलं गेलं! माझा वीतभर बांध चोरला व्हता ना, तो बी नदीनं नेला त्याचा!"

चावडी हसून हसून लोळायला लागली. भाऊसाहेब ओरडले, "सोळा आणे! गोमाजी, आता तू. यांचं किती गेलं?"

गोमाजी उठला, मामंजींकडे न बघता म्हणाला, "चौदा आणे."

"सोळा का नाही?"

"चार भारे हायत माल्यावर."

मामंजी ताडकन उभे. "तुला कोनी सांगितलं रे?"

"सांगाया कशाला पायजे? परवा तुझी सून कांडत व्हती. सगलं गेलंय त मुसळ काय मातीवर पडत व्हतं?"

सगळ्या गावानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदर पार नाकापर्यंत ओढला. पण खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला होता. चौदा आणे म्हणजे मदत मिळत होती. तो मनुष्य "चार आणे" म्हणाला असता तर आम्ही काय करणार होतो? गोमाजीबद्दल त्या दिवसापासून मी वाईट शब्द काढला नाही. मामंजींनी मात्र त्याच्याशी बोलणं शेवटपर्यंत बंदच ठेवलं.

गोमाजीच्या दुसऱ्या बांधाला आमच्या गावचा शेट. दुकान त्याचं, चांगली जमीनही त्याचीच. चावडीवर एकटा तोच खुर्चीत बसलेला, पान चघळत. त्याचंही बारा आणे नुकसान लिहून घ्यावं म्हणून त्यानं आधीच निरोप धाडला होता. भाऊसाहेबांनी तो निरोप सगळ्यांना मोठ्यानं ऐकवला आणि विचारलं, "गोमाजी, शेटचं काय गेलं?"

गोमाजी डोकं खाजवत म्हणाला, "शेटचं भात वादळाच्या आदीच झोडून कोठारात पडलं. मीच झोडलं ना. मजुरी ऱ्हायलीय अजून."

त्यानंतर जो काही हशा उठला! शेट पानाची पिंक गिळून खुर्चीतून उठला. जाताना एवढंच म्हणाला, "बघून घेईन."

आणि बघितलंच त्यानं. मुरबाडच्या कचेरीत अर्ज गेला की तलाठी ज्यांच्या घरात राहतो त्यांचंच ताक-भात खातो, म्हणून त्यांना चौदा आणे लिहिले. गावाला धाक घालून खोट्या साक्षी देववल्या. लगेच हुकूम आला: वाटप थांबवा, प्रांतसाहेब स्वतः चौकशीला येतील, आरोप खरा निघाला तर सगळा पंचनामा रद्द. मग नवा होणार, तो कचेरीत बसून. कचेरीत बसून झाला की तो कुणाच्या सोयीचा होईल, हे चौथी शिकलेल्या मलाही कळत होतं. ह्यांनी सांगून टाकलं, "साहेब येऊन जाऊ दे. पंचनामा रद्द झाला त मी आसनगावला जाऊन गाडी धरतो."

भाऊसाहेब इतके बेफिकीर की मला त्यांचा राग यायचा. करपलेला भात खात भिंतीपलीकडून म्हणायचे, "मला कसली काळजी? माझाही बांधकरी आहेच की! साहेबांना सांगणार, घरमालकीणबाईंना विचारा. त्यांची नि माझी भिंत एक, आणि भांडण तर जगजाहीर!"

हे ऐकून मी हबकलेच. आत्याबाई साहेबांपुढे? त्या तोंडानं? संध्याकाळी चुलीपाशी मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आत्याबाई, उद्या तेवढं बरं बोला हो त्यांच्याबद्दल. ह्यांचं जाणं तुमच्या हातात आहे."

"कोनाबद्दल बरं बोलू? त्या बोंबल्याबद्दल?" त्यांनी फुंकणी आपटली. "जिभेला हाड नाय म्हणून काय पण बोलू काय गो? देवापुढं दिवा लावते मी. जे हाय त्येच बोलणार."

"अहो पण आत्याबाई, तुमचा एकच लेक उरलाय!" मी रडायलाच लागले.

डोळे भरले होते त्यांचेही. पण म्हणाल्या, "म्हणून काय खोटं बोलू?" आणि पुन्हा चूल फुंकायला लागल्या. असला हट्टी स्वभाव मी जन्मात दुसरा पाहिला नाही. म्हणजे पाहिला, एक, भिंतीपलीकडे.

दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब आले. गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला आणि भाऊसाहेबांना विचारलं, "तुमचं म्हणणं?" भाऊसाहेबांनी आपली पद्धत सांगितली, अर्थातच अशा आवाजात की साहेबांचा घोडा बिचकला. साहेबांना गंमत वाटली असावी. म्हणाले, "बोलवा त्या बाईंना."

आमच्याकडे बायका चावडीची पायरी चढत नसत. आत्याबाई खालीच अंगणात उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, हात कमरेवर. शेट पुढे सरकून बसला. मामंजींनी डोळे मिटून घेतले.

"बाई, हे तलाठी तुमच्याकडे राहतात. कसे आहेत?"

"कसा म्हणजे? मेला असला कुनाच्या घरात देव न देवो!" आत्याबाईंनी जे तोंड सोडलं! "याचा घसा कसा फुटत नाय त्येच मला समजत नाय. आंघोळीला जाईल त गावाला सांगून जाईल. भात करपवील, त्याचा धूर माझ्या देवाच्या अंगावर. ताक धाडलं त ताकाचा पैसा देतो. मी काय गवळण हाय? मागल्या सालाला तापानं फणफणला व्हता, बायको नाय जवळ, म्हणून मीच पेज पाजली. डोकं दाबलं रातभर. आन् बरा झाल्यावर मेल्यानं काय केलं? पायलीनं तांदूळ मोजून माझ्या ओटीवर ठेवले! पेजेचे! मी काय खानावळ घातलीय?"

लोक हसत होते. साहेबांनी हात वर केला तरी हसत होते. आत्याबाईंना त्याचं भानच नव्हतं.

"आन् अजून सांगते, सायेब. माझा थोरला गोदीत मेला. त्याच्या वरसाला सगलं गाव जेवलं. याला मी सवता जाऊन बोलावलं, हात जोडून बोलावलं. आला नाय! म्हणे तुमची जमीन माझ्या दप्तरात हाय, तुमचं अन्न मला चालत नाय. माझ्या मेल्या पोराच्या नावाचा एक घास..." इथे त्यांचा आवाज फाटला. "एक घास नाय घेतला यानं, सायेब! एक घास! असल्या मानसाला ठेवू नका. बदली करा याची!"

आता कुणीच हसत नव्हतं. वडाखालच्या सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या. भाऊसाहेब मान खाली घालून बसले होते. शेटचं पान तोंडातल्या तोंडात राहिलं होतं. साहेबांनी अर्जाची घडी घातली आणि शेटला शांतपणे विचारलं, "या ताक-भाताबद्दल तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे बाईंना?"

शेटनं नकारार्थी मान हलवली.

"मग पंचनामा आहे तसा ठेवा," साहेब म्हणाले. "वाटप आजच. इथेच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

ही शेवटची आज्ञा भाऊसाहेबांना कशाला हवी होती? पण ते लगेच उभे राहिले नाहीत. आधी पायऱ्या उतरून आत्याबाईंपुढे आले आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "घरमालकीणबाई, बोललात ते अक्षर न अक्षर खरं आहे. त्या वर्षश्राद्धाच्या जेवणाचं मला अजून वाईट वाटतं."

"वाटूच दे," आत्याबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून चालायला लागल्या.

दिवस मावळेपर्यंत वाटप चाललं. नाव, किती आणे नुकसान, कुणी साक्ष दिली, किती मिळालं, सगळं पुकारून. आम्ही बियाणं घेऊन घरी आलो. दिवा लावायला आत गेले तर आत्याबाई दाराआड बसलेल्या, मांडीवर एक गाठोडं. माझ्या नवऱ्याचं. कांबळं, दोन धोतरं, वाटेसाठी भाकऱ्या. माझ्या नकळत त्यांनी ते पहाटेच बांधून ठेवलं होतं. चावडीवर काय बोलायचं ते मनाशी ठरवून, त्यानं पंचनामा रद्द होऊन लेक जाणार असं धरून, आणि मग त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या होत्या. गाठ करकचून बसलेली, हातानं सुटत नव्हती. त्यांनी ती दातात धरून ओढली. सुटली तशा त्या कांबळ्यात तोंड घालून रडायला लागल्या.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "कोण रडतंय? काय झालं?"

आत्याबाईंनी तोंड वर काढलं.

"कोन नाय रडत! गप जेवा तुमी!"